मुकी आणि चोंबडी

नवी गाडी कोणती घ्यायची, हात वर करा म्हटलं, तर पाचही जणांनी मुकीसाठी हात वर केले. चोंबडीच्या पारड्यात एक मत नाही. चार ड्रायव्हरांचं मी समजू शकते, त्यांना नवीन काही शिकायचं म्हणजे अंगावर काटा येतो. पण पाचवा हात माझ्या भावाचा होता. मोरेश्वर तांडेल, म्हणजे आमचा दादा. बाजारात नवीन यंत्र आलं की दुसऱ्या दिवशी स्क्रूड्रायव्हर घेऊन ते उघडणारा हा माणूस, आणि त्यानंही मुकीलाच मत दिलं, तेसुद्धा माझ्याकडे न बघता.

"कारण?" मी विचारलं.

इलाही शिकलगारनं घसा खाकरला. इलाही आमचा सगळ्यात जुना ड्रायव्हर. "अक्का, चोंबडी लई बोलती," तो म्हणाला. "डोकं उठवती. मुकी बरी. गप चालती."

"गप चालणारी हवी असेल तर बैलगाडी घेऊ की!" मी म्हटलं आणि उठले. मला मुळात बसवत नाहीच. उभं राहिलं तरी पाय थांबत नाही. आई म्हणायची, या पोरीच्या तळव्याला भिंगरी आहे.

आमचा धंदा माशांचा. देवगडच्या बंदरावर माल उचलायचा आणि घाट चढून कोल्हापुरात आणायचा, दुपारच्या आत. पंचवीस वर्षांपूर्वी एका भाड्याच्या टेंपोवर मी स्वतः हे सुरू केलं. घाटात टेंपो चालवणारी बाई बघायला लोक रस्त्याकडेला उभे राहायचे. आता पाच गाड्या आहेत, चार ड्रायव्हर आहेत, पण बुधवारची फेरी माझी. बाकीचे दिवस आमचा दलाल माल काढून ठेवतो. बुधवारी लिलावाला मी उभी राहते आणि गाडीही मीच नेते. ही एक फेरी माझ्याकडून गेली तर मागे जी उरेल ती मी नव्हे, दुकानातली कुणीतरी म्हातारी असेल. हे मी कुणाला बोलून दाखवलं नव्हतं, पण सगळ्यांना माहीत होतं.

गाड्या बदलायची वेळ आली ती नव्या नियमामुळे. येत्या पाडव्यापासून कोल्हापूरच्या मधल्या भागात इंजिन चालवायला बंदी येणार होती. नाक्यावर कमान बसवली होती; जुन्या गाड्यांना पाडव्यापर्यंत सूट, नव्यांना ती आधीच लागू. बॅटरीवर आलात तर दांडा वर, इंजिन सुरू असेल तर तो जागचा हलणार नाही. आता माशांची गाडी नुसत्या बॅटरीवर घाट कशी चढेल? वर थंड पेटी तीच बॅटरी खाते. म्हणून प्लग-इन हायब्रिड. बंदरावर लिलाव चालू असताना खांबाला लावून बॅटरी भरायची. पोटात पेट्रोलचं इंजिनही आहेच. घाटात दोघं मिळून ओढतात, सपाटीवर एक दमतं तेव्हा दुसरं ओढतं. फक्त शहराच्या तोंडाशी पोचताना बॅटरीत पुरेसा जीव शिल्लक पाहिजे. सगळी कसोटी तिथेच.

दोन कंपन्यांनी चाचणीसाठी एकेक गाडी दिली होती. मुकी साधी. बॅटरी आहे तोवर बॅटरी, संपली की इंजिन, आणि शहरासाठी किती राखायची ते ड्रायव्हरनं बटण दाबून सांगायचं. चोंबडी स्वतः ठरवायची. नावं अर्थात आमच्या पोरांनी ठेवलेली.

चोंबडीबरोबर कंपनीची इंजिनियर आली होती, केतकी. तिशीतली, शांत, प्रत्येक वाक्य नीट विचार करून बोलणारी. माझ्यासारखीला अशा माणसाशेजारी बसणं ही शिक्षाच. पण तिनं समजावलं ते डोक्यात बसलं.

"मालिनीताई, रस्ता सगळ्यांना तोच असतो. पाय वेगळा असतो," ती म्हणाली. "पेडलखाली एक पट्टी आहे. पाय किती जोरानं पडला, किती वेळ टेकला, उचलताना कसा उचलला, हे ती सेकंदाला शेकडो वेळा मोजते. जशी माणसाची चाल लांबूनही ओळखू येते, तसा पायही ओळखू येतो. इलाहीभाईंचा पाय जड आहे. ते घाट कसा चढतील हे गाडीला घाटाच्या आधीच कळतं, मग ती त्या बेतानं बॅटरी राखून ठेवते. ड्रायव्हर बदलला की हे बटण दाबून नाव सांगायचं, बस्स."

"आणि हलक्या पायाचा असेल तर?"

"मग ती मोटरचा वापर जास्त करते. मोटर पायाचं लगेच ऐकते, इंजिन जरा उशिरा ऐकतं. पाय नाजूक असेल तर गाडी सांभाळून घेते."

मला ते आवडलं. शिवाय पेटी उत्तम होती. दोन्ही गाड्यांना माशाचा वासच येत नव्हता. जुन्या गाडीत बसलं की पदराला आठवडाभर वास राहायचा. मी दादाला तसं म्हटलंही, "काय सुंदर बंद होते रे पेटी! आत मासा आहे असं सांगावं लागतं." दादा आणि इलाहीनं एकमेकांकडे पाहिलं. मला वाटलं, बाईमाणसानं यंत्राचं कौतुक केलेलं यांना बघवत नाही.

पण चाचणीचे चार महिने संपले तेव्हा चोंबडीचा निकाल विचित्र आला. चारही ड्रायव्हरांच्या हाताखाली ती व्यवस्थित शहरात शिरायची. फक्त बुधवारी बॅटरी संपून नाक्यावर अडकायची. माझ्या बुधवारी! दर वेळी कमानीपाशी उभं राहून दुकानातून जुनी गाडी मागवायची आणि माल उतरवून घ्यायचा. येणारेजाणारे बघायचे.

मी केतकीला फैलावर घेतलं. "तुमच्या गाडीला माझं काय वावडं आहे?"

तिनं पडद्यावर रेघा काढल्या. बराच वेळ बघत राहिली. "घाटात कोण चालवतं, ताई?"

"इलाही. बुधवारी तो माझ्याबरोबर असतो. आमचा नियम आहे, लिलावात ज्यानं बोली लावली त्यानं घाट चढायचा नाही. पहाटेपासून बोली लावून माणूस दमतो. दादानं दोन वर्षांपूर्वी केला तो नियम, सगळ्यांसाठी."

"आणि बटण?"

बटण कोण दाबणार? घाटाच्या पायथ्याशी चहा घ्यायचा, जागा बदलायच्या आणि निघायचं. मुकाट्यानं.

"तरीच," केतकी म्हणाली. "गाडी तुमच्या पायाचा बेत करते आणि घाटात इलाहीभाईंचा जड पाय येतो. हिशेब कोसळणारच. पण मग बाकीच्यांच्या फेऱ्यांत पाय का बदलत नाही? नियम सगळ्यांना आहे ना?"

"बाकीचे बोली लावत नाहीत. मी एकटीच..."

वाक्य अर्धंच राहिलं. सगळ्यांसाठी केलेला नियम दोन वर्षं फक्त मला लागू होता. कुठेतरी काहीतरी टोचलं. पण टोचलेलं काढून बघत बसायचा माझा स्वभाव नाही.

"या बुधवारी घाट मी चढणार," मी म्हटलं. "तू शेजारी बस. गाडीला काय ते कळू दे."

दादानं ऐकलं आणि त्याचा चेहरा उतरला. "इलाहीला ने बरोबर."

"कशाला?"

"असू दे. माल बघायला."

"मी पाळण्यात असल्यापासून माल बघतेय!"

इलाही गाडीपर्यंत मागे आला. "अक्का, मी येतो की. मागं बसतो, बोलत बी न्हाई." मी दार ओढून घेतलं.

देवगडला लिलाव झकास झाला. सुरमई चांगली मिळाली, आणि मोरीचा एक क्रेट मी हट्टानं चढी बोली करून घेतला. मोरी म्हणजे छोटा शार्क. ती फार जपून घ्यावी लागते. मी प्रत्येक नग उचलला, बोटानं दाबला, सवयीनं नाकाशी नेला. बर्फ घालून पेटी बंद केली. गाडी खांबावर पोटभर प्यायली होती. केतकी शेजारी बसली आणि आम्ही निघालो.

वैभववाडी मागे पडली, घाट सुरू झाला. पायथ्याशी चहाला मी थांबलेच नाही. दोन वर्षांनी घाट माझ्या हातात आला होता आणि मला इतका आनंद झाला की मी मोठ्यानं हसले. केतकीही हसली. चार वळणं झाली, पाच झाली. इंजिन कधी लागलं आणि कधी थांबलं ते कळतही नव्हतं.

मग गाडी बोलली. "पुढच्या थांब्यावर गाडी उभी करा. दुसरा चालक असल्यास त्याला बसू द्या."

"गप गं," मी म्हटलं.

"पुढच्या थांब्यावर..."

"हिला बंद कर, केतकी!"

"बंद होत नाही ते, ताई. आपण थांबूया का जरा?" तिचा आवाज बदलला होता.

थांबेन ती मी कसली? पुढच्या वळणावर वरून एसटी आली. घाटात एसटी आपल्या बाजूला येते हे मला काय कुणी शिकवायला हवं? मी ब्रेक दाबला. म्हणजे, दाबला असं मला वाटलं. पाय उचललेला मला जाणवला, पण टेकलेला जाणवला नाही. त्या दोहोंच्या मधे गाडीनं स्वतःच ब्रेक लावला. एसटी आमच्या आरशाला घासून खाली गेली आणि तिचा ड्रायव्हर खिडकीतून माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेला.

पुढे रस्त्याकडेला जागा होती. मी गाडी उभी केली.

"दाखव," मी म्हटलं.

तिनं दाखवलं. पाच जणांचे पाच पाय, पाच रेघा. इलाहीची रेघ जाड आणि सरळ. बाकी तिघांच्या वरखाली, पण स्वच्छ. माझ्या रेघेवर मात्र बारीक लाट होती. वाऱ्यानं पाण्यावर येते तशी. सेकंदाला चार-पाच वेळा, एकसारखी. पहिल्या महिन्यात अगदी पुसट, चौथ्यात डोळ्यांना दिसेल एवढी.

"माझा पाय थांबत नाही. लहानपणापासून."

"ते वेगळं असतं, ताई. चुळबुळ अशी एका मापात नसते." तिनं पडदा बंद केला. "मी गाड्यांची इंजिनियर आहे. याहून जास्त बोलायचा मला अधिकार नाही."

थांबलोच आहोत तर पेटीचं तापमान बघते म्हणून ती उतरली आणि तिनं मागचं दार उघडलं. दुसऱ्या क्षणी ती नाकातोंडावर ओढणी दाबून चार पावलं मागे हटली.

"काय झालं?"

"ताई, हे... खराब झालंय ना?"

मी जाऊन पाहिलं. मोरीच्या क्रेटकडे बोट दाखवत ती खोकत होती. मी पेटीत वाकले. अगदी क्रेटवर नाक नेलं. शिळ्या मोरीचा वास माणसाला रस्त्यापलीकडे उभं करतो. पोरपणी आई मोरी साफ करायची तेव्हा आम्ही पोरं किनाऱ्यावर पळून जायचो. माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं, इतका तो उग्र असणार. पण नाकात काही नाही. बर्फाचा गारवा तेवढा. मी सुरमई उचलली. तिलाही वास नाही. माझ्या हातांना वास नाही. पदराला नाही.

मग एकेक गोष्ट समोर येऊ लागली. पेट्या काही सुंदर बंद होत नव्हत्या. लिलावात इलाही माझ्या पाठीशी का उभा राहायचा, आणि माल चढवताना एखादा क्रेट "अक्का, ह्यो बदलून घेतो, फुटलाय" म्हणून परत का न्यायचा, ते कळलं. क्रेट कधीच फुटलेला नसायचा.

"केतकी, पायाचा आणि नाकाचा काय संबंध असतो गं?"

"माझ्या आजोबांना आधी वास यायचा बंद झाला होता," ती म्हणाली. "आजी भाजी करपवायची आणि ते शेजारी बसून पेपर वाचायचे. आम्ही हसायचो. हात कापायला लागला तो पुष्कळ वर्षांनी. डॉक्टर म्हणाले, कंपवात असाच येतो, नाकाच्या वाटेनं. तेव्हा हे लवकर कळलं असतं तर... तुम्ही तपासून घ्या. इतकंच."

पुढची गाडी तिनं चालवली. बसल्याबरोबर बटण दाबलं आणि स्वतःचं नाव सांगितलं. नाक्यावर कमानीखाली आलो तेव्हा चोंबडी बॅटरीवर होती, गप. दांडा वर गेला. चार महिन्यांत पहिल्यांदाच बुधवारी.

दुकानामागच्या शेडमध्ये दादा आणि इलाही दारातच उभे होते. मी मोरीचा क्रेट दादासमोर ठेवला.

"हुंग."

तो वाकला. माझा भाऊ, बंदरावर वाढलेला माणूस. त्याच्या डोळ्यांत पाणी तरारलं. "बरी आसा," तो म्हणाला.

"दादा!"

आम्ही दोघं कोल्हापुरात आलो तेव्हापासून गिऱ्हाइकांशी कोल्हापुरीच बोलतो. मालवणी फक्त घरात कुणी गेलं किंवा जन्मलं तर तोंडात येते. "मालू, आयक माझा," तो म्हणाला. "दोन वर्सां झाली. तो चुलीर सुको जवळो करपलो त्या दिसा. सगळी आळी धावान इली, नि तू थंयच बसान चाय पित होतंस. त्या दिसा माका कळला."

"आणि सांगितलं नाहीस?"

"सांगान काय करतलंय? गाडी काढून घेव तुझ्याकडसून? तू घरात बसशीत? येक दिस तरी बसशीत?"

"म्हणून नियम केलास. सगळ्यांसाठी!"

इलाही पुढे झाला. "अक्का, चोंबडीनं सांगून टाकलं असतं ओ. म्हणून आमी समद्यांनी मुकी बरी म्हटलं. तुमचा बुधवार ऱ्हावा म्हणून."

मला भयंकर राग आला. दोन वर्षं ही माणसं मला फसवत होती, माझ्या पाठीमागे माझा माल बदलत होती, आणि मी तोऱ्यात फिरत होते. त्या रागाहून जास्त लाज वाटली. आणि या दोन्हींपेक्षा जास्त, त्यांनी माझ्यावर केलेली माया मला सोसेना. मी तिथेच बर्फाच्या पेटीवर बसले आणि रडले. आता इथे कसला वास आहे की नाही, हेसुद्धा मला कळत नव्हतं. दादा शेजारी येऊन बसला.

डॉक्टरांनी केतकीचंच म्हणणं मोठ्या शब्दांत सांगितलं. सुरुवात आहे, गोळ्या आहेत, व्यायाम आहे. गाडीच्या रेघा त्यांनी मागून घेतल्या. म्हणाले, गोळी लागू पडते की नाही हे माझ्या यंत्रापेक्षा या पेडलला आधी कळेल. घाट मात्र नको.

त्या शनिवारी मी पुन्हा सगळ्यांना बोलावलं.

"गाड्या चोंबडीसारख्याच घ्यायच्या. पाचही."

कुणी हात वर केला नाही, मी विचारलंही नव्हतं. सुभान्या बोलला. आमच्यातला सगळ्यात तरुण ड्रायव्हर तो. "अक्का, उद्या आमचा पाय कापाय लागला तर? ही भवानी सांगणार, आणि आमी घरी?"

रास्त होतं. मी रात्रभर त्याचाच विचार केला होता. "पाय कापायला लागला तर ती आधी तुला सांगेल. मग तू मला सांगशील. केतकीकडून तसं करून घेतलंय. आणि घरी कुणी जात नाही. बंदरावर माणूस लागतो, दुकानात लागतो, पेटीपाशी लागतो. माझंच नाक गेलंय, मला कुणी घरी पाठवलं का?"

"मुकीनं काय वाईट केलं होतं?" दादानं विचारलं. हरलेल्या माणसाच्या आवाजात.

"काही नाही. पण मला मुकी माणसं पुष्कळ आहेत, दादा. सगळी माझ्या प्रेमानं मुकी झालेली. त्या दिवशी एसटीखाली मी एकटी गेले नसते, ती केतकीही गेली असती. गाडीनं तरी माझ्याशी खरं बोलावं."

दादा उठून बाहेर गेला. परत आला तेव्हा हातात स्क्रूड्रायव्हर होता. चोंबडीच्या पेडलखालची पट्टी कशी बसवतात ते त्याला बघायचं होतं.

पाडव्यानंतरचा पहिला बुधवार. लिलावाला मी उभी राहिले, इलाही माझ्या पाठीशी नाही तर शेजारी उभा राहिला. मी डोळ्यांनी बघायची, बोटानं दाबायची, मग नग त्याच्या नाकाशी धरायची. तो मान हलवायचा किंवा तोंड वाकडं करायचा. बंदरावरची माणसं हसली. हसू देत.

बंदरापासून घाटाच्या पायथ्यापर्यंत गाडी मीच आणली. सपाट रस्त्याला चोंबडी काही बोलत नाही. पायथ्याशी चहा घेतला. मग गाडीत शिरून मी ते बटण दाबलं, जे चार महिन्यांत इथे मी एकदाही दाबलं नव्हतं.

"नवीन चालकाचं नाव सांगा," चोंबडी म्हणाली.

"इलाही शिकलगार," मी म्हटलं आणि डाव्या बाजूला जाऊन बसले.

घाट लागला. इलाही जड पायानं चढू लागला. पहिल्या वळणावर माझा पाय आपोआप पुढे गेला आणि खालच्या मॅटवर दाबला गेला. दुसऱ्या वळणावर पुन्हा. मी तो मागे घेतला, मांडीवर हात दाबून धरला, तिसऱ्या वळणावर तो गेलाच. तिथे ब्रेक नव्हता. तरी दर वेळी गाडी वेळेवर हळू होत होती.